वाजंत्र्यांची पंगत

आमच्या धाकट्या मुलीचे लग्न २७ जानेवारी २०२४ रोजी वसईतील आमच्या गावच्या देवळात लागले. त्या लग्नाच्या जमाखर्चाची वही आम्ही उभयतांनी अजून जपून ठेवली आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी वही आहे. मांडवाच्या बांबूंपासून ते देवळातल्या फुलांपर्यंत प्रत्येक रुपया तिच्यात उतरलेला आहे. आमच्यापैकी एकाची सारी हयात बँकेत आकडे मांडण्यात गेली, त्यामुळे अक्षर नीट आणि बेरजा चोख आहेत. खाडाखोड आहे ती एकाच पानावर, आणि ते पान बँडचे.

लग्नाचा खर्च सोळा लाखांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असे आम्ही ठरविले होते. भविष्यनिर्वाह निधीतील शिल्लक, मुलीची स्वतःची बचत आणि वाडीतल्या एका तुकड्याचे आलेले पैसे मिळून तेवढीच आमची ऐपत होती. जावयाचे घर मुंबईच्या उपनगरातले. स्वागतसमारंभाचा खर्च निम्मा-निम्मा करावा, हे त्यांनी आपणहून सुचविले. मात्र एक अट घातली. समारंभात डीजे नको, बँड हवा. त्यांच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि माणसे वाजवीत असली तरच त्या नाचतात, यंत्रापुढे नाचत नाहीत, असे त्यांनी सांगितले. आम्हांला हे मनापासून पटले. बँडचा खर्च मात्र वधूपक्षाकडे आला, कारण बँड वसईतूनच ठरवायचा होता.

बँडच्या दराचे गणित कळायला आधी चर्चचे कॅलेंडर समजून घ्यावे लागते, हे आम्हांला तेव्हा उमगले. आगमनकाळात आपल्याकडे सहसा लग्ने होत नाहीत, उपवासकाळात तर नाहीच नाही. म्हणजे नाताळ झाल्यापासून राखेच्या बुधवारापर्यंत जी काय वाट मोकळी असेल तेवढ्यातच निम्म्या वसईची लग्ने उरकायची. उरलेली ईस्टरनंतर, मे महिन्याच्या उन्हात. २०२४ साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीलाच आला. बोटांवर मोजले तर नाताळानंतर शनिवार-रविवारच्या अवघ्या सात जोड्या हाती राहिल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, तोच बुधवार ५ मार्चला होता, तेव्हा अशा दहा जोड्या मिळाल्या. ज्या वर्षी ईस्टर लवकर, त्या वर्षी बँड महाग, हा नियम आम्हांला एका मंडपवाल्याने सांगितला. चंद्राच्या कलेवरून पास्काचा दिवस ठरविणाऱ्या निकेयाच्या धर्माचार्यांना याची कल्पना नसावी. आम्ही मे २०२३ मध्ये चौकशीला लागलो, तर दोन बँडांच्या साऱ्या तारखा आधीच गेलेल्या होत्या.

बँड म्हटले तरी ते दोन प्रकारचे असतात, आणि आपल्याकडच्या लग्नात दोन्ही लागतात. एक रस्त्यावरचा. घरून देवळापर्यंत आणि देवळातून मांडवापर्यंत वधूवरांपुढे चालणारा. डोक्यावर टोपी, अंगात झालरीचा कोट, हातात क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, आणि मागे पोटावर बांधलेला मोठा ढोल. ब्रिटिशांच्या लष्करी पलटणींपासून ही वाजंत्री आपल्या देशात पसरली. आजही या वाद्यांपैकी पुष्कळ मेरठच्या जली कोठी भागात तयार होतात. असा अकरा जणांचा बँड आम्हांला बावीस हजारांत मिळाला. त्यात काही घासाघीस झाली नाही, कारण त्या मंडळींचा दर सगळ्या गावाला ठाऊक असतो. दुसरा बँड व्यासपीठावरचा. गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड, गायक, आणि परवडत असेल तर फुंकून वाजवायची वाद्ये. हा समारंभाचा बँड. वधूवरांच्या प्रवेशाचा मार्च, केक, टोस्ट, पहिला वॉल्ट्झ, आणि शेवटी जिथे काकूंपासून करवल्यांपर्यंत सारे उठतात तो मसाला, हे सर्व याच्या हाती.

व्यासपीठावरचा बँड निवडायचा कसा? मुलीने भ्रमणध्वनीवर पंधरा-वीस चित्रफिती दाखविल्या. सगळ्याच गोड. पण चित्रफितीत आवाज मागाहून चढविता येतो, आणि व्यासपीठावरही अर्धे संगीत आधी मुद्रित करून आणता येते. गायक तेवढा खरा आणि बाकीचे नुसते हात हलविणारे, असेही बँड आहेत. भाच्याने आम्हांला एक युक्ती शिकविली. ड्रमवाल्याकडे पाहावे. त्याच्या काठ्या थांबल्यावरही झांज वाजत राहिली, तर समजावे. म्हणून एका ओळखीच्या घरच्या लग्नात, आमंत्रण नव्हते तरी मुलाच्या मामांच्या संमतीने, आम्ही दोघे मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

तेथे आम्ही तो ट्रंपेट ऐकला. वाजविणारे गृहस्थ साठीच्या पलीकडचे, उंच, किंचित वाकलेले. पहिल्या वॉल्ट्झच्या वेळी गायक थांबला आणि पुढची दोन कडवी या माणसाने एकट्याने वाजविली. तोंडाशी कापडी झाकण लावून, अगदी हळू. मंडपात सहाशे माणसे असावीत. जेवणाच्या बाजूची भांड्यांची खडखड ऐकू येईल इतकी शांतता पसरली. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि बँड ठरला.

बँडमास्तर दुसऱ्या आठवड्यात घरी आले. चहा झाला. एक लाख वीस हजार, असे त्यांनी सांगितले. आम्ही वहीत बँडसाठी ऐंशी धरले होते. येथून त्या पानावरची खाडाखोड सुरू होते.

मास्तर न रागावता हिशेब सांगू लागले, आणि आम्ही तो लिहून घेतला. ध्वनियंत्रणा आणि दिवे भाड्याने आणायचे, ते पस्तीस हजार. टेम्पो पाच हजार. माणसे सात, प्रत्येकी दहा हजार, म्हणजे सत्तर. वर मास्तरांचे स्वतःचे दहा. आम्ही म्हणालो, साडेतीन तासांच्या वाजविण्याला माणशी दहा हजार म्हणजे फार होतात. त्यावर मास्तर म्हणाले, "अंकल, तुमचे साडेतीन तास. आमचा दिवस दुपारी दोनला टेम्पो भरण्यापासून सुरू होतो, तो रात्री एकला टेम्पो रिकामा करून संपतो. तुमच्या मुलीने तीन नवी गाणी दिली आहेत, ती बसवायला दोन रात्री जातील. आणि असे शनिवार वर्षात किती?" आमच्यापैकी एकाने मनातल्या मनात उत्तर दिले: नाताळानंतर सात. पण तोंडाने मात्र दुसराच प्रश्न विचारला. "कीबोर्डवर ट्रंपेटचा आवाज निघतो ना?"

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निघतो."

"आणि सॅक्सोफोनचा?"

"तोही निघतो."

फुंकणारी दोन माणसे कमी झाली. वीस हजार वाचले. मास्तरांनी आपल्या दहातले पाच सोडले. पंचाण्णव हजारांवर सौदा ठरला आणि पंचवीस हजारांचा विसार आम्ही त्यांच्या हाती ठेवला. पूर्वी याला सुपारी देणे म्हणत. वाजंत्र्यांना, तमाशाच्या फडाला सुपारी दिली जाई, आणि ती घेतली म्हणजे शब्द दिला. गुन्हेगारांच्या जगाने तो शब्द नासवला, म्हणून आता मास्तरही ॲडव्हान्स म्हणतात. दुसरा एक शब्द होता बिदागी. कलावंताला निरोप देताना जे द्यायचे ते. आमच्या वहीत तो कोठेच नाही. तेथे "बँड, ५ माणसे" असे लिहिले आहे.

ज्या ट्रंपेटसाठी आम्ही हा बँड निवडला, तोच आम्ही कापला, हे आम्हांला त्याच रात्री कळले होते. नाही कळले असे म्हणण्यात अर्थ नाही. अंथरुणावर पडल्यावर आमच्यापैकी एकीने विचारलेही, "तो म्हातारा माणूस गेला ना यातून?" दुसऱ्याने उत्तर दिले, की बँड पाच जणांचाच बरा, व्यासपीठ लहान आहे. व्यासपीठ लहान नव्हते.

याच वहीची पुढची पाने आज वाचली की लाज वाटते. छायाचित्रे आणि चित्रीकरण, एक लाख ऐंशी हजार. त्या तरुणाने आकडा सांगितला आणि आम्ही मान डोलावली. जेवण, सहाशे पाने, पानाला साडेसातशे. तेथे आम्ही कमी करण्याऐवजी कोळंबीचा एक पदार्थ वाढविला. केक अठरा हजार. आणि वधूवर आत येताना दोन्ही बाजूंनी ज्या थंड ठिणग्यांची कारंजी उडतात, त्यांचे सोळा हजार. ती कारंजी एक मिनिटाहून कमी उडतात. त्या सोळा हजारांत आणखी चार घातले असते तर...! असो. काना गावच्या लग्नाची हकिकत योहानाने किती बारकाईने लिहिली आहे. रांजण किती, तर सहा. प्रत्येकात पाणी किती मावे, तेही सांगितले आहे. भोजनकारभारी आहे, नोकर आहेत. त्या काळच्या यहुदी लग्नात गाणे-वाजविणे असणारच, पण वाजविणाऱ्यांचा उल्लेख नाही. खर्चाच्या वह्या लिहिणारे आम्ही काही पहिलेच नव्हे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

येथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्यापैकी एकीचे वडील क्लॅरिनेट वाजवीत. दिवसा वाडीतली केळी आणि पानवेल, आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. बाबांना नोटेशन येत नव्हते. एका पाद्रीबाबांनी देवळातल्या हार्मोनियमवर सूर दाखविले, तेवढीच त्यांची शाळा. साठीच्या दशकात एका लग्नामागे त्यांच्या वाट्याला दहा रुपये येत. वाजविण्याचे ते कौतुक सांगत, पैशांचे कधी बोलत नसत. मात्र एक गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती. लग्नाहून आले की आईने चुलीवर पेज ठेवलेली असे. सबंध गाव पंगतीला जेवून गेलेला, आणि बाबा घरी येऊन पेज जेवत. वाजंत्र्यांची पंगत सर्वांच्या शेवटी, मांडवाच्या मागे, खरकट्या पानांच्या बाजूला बसे. कधी कधी तोवर मटण संपलेले असे. एकदा तर भातही संपला होता. बाबा त्याला कुणाचा दोष म्हणत नसत. गडबडीत राहून जाते, असे म्हणत. त्यांचा कोट आईने दान केला, क्लॅरिनेट मात्र पत्र्याच्या पेटीत आमच्याकडे आला. तो पेटीतच होता.

लग्नापूर्वीच्या दोन-तीन बारीकसारीक गोष्टी येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या कुणाला उपयोगी पडतील. रस्त्यावरचा बँड देवळाच्या पायरीशी थांबतो, तो केवळ रिवाज नव्हे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात देवळात बँड वाजविण्यास स्पष्ट मनाई आहे. पियानोलाही तेथे मज्जाव होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पाइप-ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार किलकिले केले. वधूच्या प्रवेशाची ती सर्वपरिचित धून वाग्नरच्या "लोहेनग्रीन" या संगीतनाटकातली आहे आणि त्या नाटकातले लग्न एक रात्रदेखील टिकत नाही, हे आमच्या गायकवृंदाच्या प्रमुखांनी सांगितले तेव्हा मुलीने ती धून तत्काळ रद्द केली. मांडवात गाणी वाजवायची तर परवाना काढा, असे म्हणत एक गृहस्थ आले होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभही धरले आहेत, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तशी जाहीर सूचनाही काढली आहे. ती छापून त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा ते सरबत पिऊन गेले.

दहाच्या नियमाला मात्र पळवाट नव्हती, आणि नसावीच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. शेजारच्या आळीत आजारी माणसे आहेत, परीक्षेची मुले आहेत. बँड साडेसहा ते दहा ठरला होता. पण लग्न लागले साडेचारला, मग छायाचित्रकाराने वधूवरांना समुद्रावर नेले, सूर्यास्त हवा म्हणून. मग वाडीत नेले. वधूवर मांडवात आले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. तोवर बँड रिकाम्या व्यासपीठावर संथ गाणी वाजवीत होता आणि पाहुणे सरबताकडे. ज्यांना आम्ही साडेतीन तासांचे पैसे देत होतो, त्यांच्या वाट्याला खरे लग्न एक तास पन्नास मिनिटांचे आले. ज्याला एक लाख ऐंशी हजार दिले त्याने ते खाल्ले.

ठिणग्या उडाल्या. कीबोर्डवर ट्रंपेटचा आवाज निघाला, मास्तर म्हणाले होते तसाच. मार्च झाला, केक झाला, टोस्ट झाला. वॉल्ट्झच्या वेळी गायक थांबला आणि कीबोर्डवाल्या मुलाने ती दोन कडवी वाजविली. एकही सूर चुकला नाही. पाहुण्यांपैकी कुणाला काही कमी वाटले असेल असे आम्हांला वाटत नाही. बँड छान होता, असे सर्वांनी सांगितले आणि ते खरेच होते. जावयाच्या आजी दोनदा नाचल्या. भांड्यांची खडखड मात्र या वेळी ऐकू आली नाही. लोक बोलत होते.

दहाला बँड थांबला. पावणेअकराच्या सुमारास आमच्यापैकी एकीला मांडवाच्या मागे, हात धुण्याच्या पिंपांजवळ, सहा माणसे उभी दिसली. पाच बँडवाले, आणि सहावा उंच, किंचित वाकलेला. जेवणाच्या व्यवस्थेत पाने मोजून कूपने दिली होती. सहाशे पाहुण्यांची सहाशे. बँडच्या जेवणाचे कलम करारात आम्हीच लिहिले होते, पण त्यांची पाने सहाशेंत धरायची राहिली होती. वाढणाऱ्या पोराने त्यांना, टेम्पोवाल्यांबरोबर बसा, उरेल ते देतो, असे सांगितले होते. त्या पोराची काही चूक नव्हती. गडबडीत राहून गेले होते.

आमच्यापैकी एकीने त्या रात्री जो आवाज काढला तो लग्नाच्या छत्तीस वर्षांत दुसऱ्याने ऐकला नव्हता. घरच्या माणसांसाठी राखून ठेवलेले मेज रिकामे करविले, पांढरी चादर बदलली, आणि सहाही जणांना तेथे बसविले. आम्ही दोघांनी स्वतः वाढले. कोळंबी उरली होती.

सहावे गृहस्थ तेच होते. वाजवायला नव्हते, म्हणून ध्वनियंत्रणेच्या गाडीबरोबर, तारा आणि पेट्या उचलायला आले होते. दीड हजार रुपये मिळणार होते. त्यांनी मान खाली घालून व्यवस्थित जेवण केले. आमच्यापैकी एकीने धीर करून सांगितले, की माझे वडीलही लग्नांत वाजवीत. त्यांनी गाव विचारले, नाव विचारले. ते बाबांना ओळखत नव्हते. पण "क्लॅरिनेट कुठला? लाकडाचा की एबोनाइटचा?" असे मात्र लगेच विचारले. आम्हांला ठाऊक नव्हते. "पेटीत ठेवला असेल तर पॅड गेले असतील," ते म्हणाले. "वाळवी लागली नसेल तर दुरुस्त होतो."

मास्तरांना सत्तर हजारांचे पाकीट दिले. त्याबरोबर दुसरे एक, दहा हजारांचे. ते ट्रंपेटवाल्यांसाठी, असे सांगितले. तो निर्णय आम्ही हात धुताना, एकमेकांशी न बोलताच घेतला होता. मास्तर ते घेऊन टेम्पोकडे गेले आणि पाच मिनिटांनी परत घेऊन आले.

"ते म्हणतात, वाजवलं नाही तर कसले?"

आम्ही स्वतः गेलो. ते तारांची वेटोळी करीत होते, कोपरावरून हातावर, एकसारखी. आम्ही म्हणालो, भेट समजा. ते हसले. "भेट वधूवरांना द्यायची असते," म्हणाले, आणि वेटोळे पेटीत ठेवून पुढची तार घेतली. पुढे काय बोलावे हे आम्हांला सुचेना. वही लिहिताना दुसऱ्या दिवशी ते दहा हजार जमेकडे धरावे की खर्चाकडे, हेही सुचले नाही. त्या पानावरची शेवटची खाडाखोड तीच.

त्या पावसाळ्यात आम्ही पत्र्याची पेटी उघडली. क्लॅरिनेट एबोनाइटचा निघाला. पॅड खरोखरच गेले होते, दोन चाव्या वाकल्या होत्या, पण वाळवी लागायला त्यात लाकूडच नव्हते. मास्तरांकडून पत्ता घेऊन आम्ही दोघे ट्रंपेटवाल्यांच्या घरी गेलो. एक खोली, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, खाली टेबलावर बारीक पेचकस आणि कागदाच्या पुड्यांतून ठेवलेली पॅड. लग्नसराई नसते तेव्हा ते वाद्ये दुरुस्त करतात. त्यांनी क्लॅरिनेट उजेडात धरून खालपासून वरपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "तीन आठवडे लागतील. साडेतीन हजार होतील."

आम्ही लगेच हो म्हणालो. त्यांनी आमच्याकडे जरा नवलाने पाहिले असे वाटले. बहुधा घासाघीस होईल म्हणून आकडा थोडा चढा सांगितला असावा.

तीन आठवड्यांनी वाद्य तयार होते. ते स्वतः क्लॅरिनेटवाले नव्हेत, हे त्यांनी आधीच सांगितले, आणि नुसते खालचे सूर वर आणि वरचे खाली असे एकदा वाजवून दाखविले. आमच्यापैकी एकीने तो आवाज पन्नास वर्षांनी ऐकला. त्यांनी साडेतीन हजार मोजून घेतले आणि वहीतले पान फाडून पावती लिहून दिली: पॅड इतके, स्प्रिंग इतक्या, बूच एक, मजुरी इतकी. ती पावती आम्ही निळ्या वहीत, बँडच्या पानाला टाचली आहे.

थोरल्या मुलीचा मुलगा आठ वर्षांचा आहे. परवा त्याने क्लॅरिनेट उचलून फुंकला. बराच वेळ नुसती हवा गेली, मग बदकासारखा एक आवाज निघाला, आणि तो इतका हसला की त्याला पुन्हा फुंकता येईना.